गंधकाचा एक अणू सांभाळताना

पेशीतल्या संदेशवहनाचा विषय निघाला की आधी कायनेझची नावं येतात. प्रथिनावर फॉस्फेट चढवणारी ही एन्झाइम्स. माणसाच्या जीनोममध्ये एकट्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेझची ९० जनुकं आहेत. चढवलेलं फॉस्फेट उतरवणाऱ्या टायरोसिन फॉस्फटेझच्या कुळातली जनुकंही शंभराच्या वर आहेत, पण त्यांच्या वाट्याला तेवढं कौतुक येत नाही. फॉस्फटेझ म्हणजे काम संपल्यावर दिवे मालवणारा, अशीच समजूत बरीच वर्षं होती. मी ज्या एन्झाइमवर काम केलं, त्याने ही समजूत माझ्यापुरती तरी कायमची मोडून काढली. त्याचं नाव पीटीपी-१बी. ते जिवाणूत कसं तयार केलं, शुद्ध कसं केलं आणि त्याचा जीव टिकवायला काय काय लागलं, ते इथे सांगते.

हे एन्झाइम इन्सुलिनच्या रिसेप्टरवरचं (निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावरचं) फॉस्फेट उतरवतं, म्हणजे इन्सुलिनने पेशीला दिलेला निरोप थांबवतं. १९९९ साली ज्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं होतं, ते इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देत होते आणि स्निग्ध आहार देऊनही सहज लठ्ठ होत नव्हते. तेव्हापासून मधुमेहाच्या औषधासाठी असंख्य लोक या एन्झाइमच्या मागे लागले. पण त्याची पहिली ओळख त्याआधीची, १९८८ची. निकोलस टॉन्क्स, चार्ल्स डिल्ट्झ आणि एडमंड फिशर यांनी ते माणसाच्या वारेतून वेगळं केलं. वार दळायची, तिच्यातली हजारो प्रथिनं एकेका कॉलमवरून गाळत जायची आणि शेवटी चिमूटभर शुद्ध एन्झाइम हाती यायचं. फॉस्फेट चढवण्या-उतरवण्याने एन्झाइमचं नियंत्रण होतं, हे एडविन क्रेब्ज यांच्याबरोबर दाखवून देणारे फिशर ते हेच. १९९२चं नोबेल दोघांना त्याच कामासाठी मिळालं. आज तेच मानवी एन्झाइम ई. कोलाय जिवाणूकडून करवून घेता येतं. वारेची गरज उरलेली नाही आणि एका लिटर कल्चरमधून काही मिलिग्रॅम माल मिळतो.

विकत का घेतलं नाही, असं पुष्कळांनी विचारलं. सुरुवातीला घेतलंच होतं. कुपीवर ‘मिलिग्रॅममागे इतकी युनिट’ असं छापलेलं असतं आणि आपण तो आकडा धरून चालतो. पण युनिट कशावर मोजलं, कोणत्या सब्स्ट्रेटवर (एन्झाइम ज्याच्यावर काम करतं त्या पदार्थावर), कोणत्या पीएचला, किती तापमानाला, हे विक्रेत्यागणिक बदलतं. दोन कुप्यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय आम्हाला नुसतं एन्झाइम नको होतं, त्याची दोन बदललेली रूपंही हवी होती आणि तिन्ही एकाच पद्धतीने, एकाच बफरमध्ये (पीएच सांभाळणाऱ्या द्रावात) तयार झालेली हवी होती. मॅडम म्हणाल्या, “आपणच करू. म्हणजे त्याच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असेल.” हा निर्णय बरोबर होता. एखादं एन्झाइम कुठे आणि कसं मरतं हे हातांनी कळल्याशिवाय त्याच्यावरच्या प्रयोगाचा निकाल वाचता येत नाही, असं माझं मत इथूनच बनलं.

पूर्ण पीटीपी-१बी ४३५ अमिनो आम्लांचं आहे. त्याच्या शेवटाला पाण्याशी न जमणारी शेपटी असते आणि पेशीत ते एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलाला त्या शेपटीनेच चिकटून बसतं. जिवाणूत ही शेपटी ठेवली तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात. म्हणून आम्ही १ ते ३२१ एवढाच भाग घेतला. तो साधारण ३७ किलोडाल्टनचा असतो आणि एन्झाइमचं रासायनिक काम पूर्ण करतो. १९९४ साली डेव्हिड बारफोर्ड, अँड्र्यू फ्लिंट आणि टॉन्क्स यांनी याच भागाची स्फटिकरचना मांडली. ती पडद्यावर फिरवून पाहिली की सगळं नाट्य कुठे आहे ते लगेच समजतं. एका खोलगट खाचेच्या तळाशी २१५व्या क्रमांकाचं सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल, बसलेलं आहे. त्याचा गंधकाचा अणू फॉस्फेटवर हल्ला करतो आणि फॉस्फेट क्षणभर स्वतःवर घेतो. वरून एक फास खाली झुकतो, त्याच्यावरचं १८१ क्रमांकाचं अॅस्पार्टेट टायरोसिनला प्रोटॉन देऊन मोकळं करतं आणि मग पाण्याचा रेणू येऊन सिस्टीनवरचं फॉस्फेट सोडवतो. म्हणून आमची तीन रूपं ठरली. एक मूळ. दुसऱ्यात २१५च्या सिस्टीनच्या जागी सेरीन, म्हणजे काम करू न शकणारं. तिसऱ्यात १८१च्या अॅस्पार्टेटच्या जागी अॅलानिन. हे सब्स्ट्रेट पकडतं पण जवळजवळ सोडतच नाही. त्याच्याकडे शेवटी येते.

जिवाणू वाढवण्याचा भाग नेहमीसारखाच झाला, त्यावर फार लिहीत नाही. बीएल२१ जातीच्या पेशी, कॅनामायसिन या प्रतिजैविकावर निवडलेला प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं), प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६च्या आसपास आली की तापमान १८ अंशांवर आणायचं, जनुक चालू करणारं आयपीटीजी घालायचं आणि रात्रभर हलतं ठेवायचं. थंडीत जिवाणू सावकाश प्रथिन बनवतात आणि ते नीट घडी घालून बसतं. सकाळी सेंट्रिफ्यूज करून पेलेट काढायचा.

खरी परीक्षा पेशी फोडल्यावर सुरू होते. पीटीपी-१बीचं काम पेशीच्या आतल्या द्रवात चालतं. तिथे ऑक्सिडेशन रोखणारं ग्लुटाथायोन भरपूर असतं आणि गंधकाचा अणू ऑक्सिडेशनपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतो. ई. कोलायच्या आतही तसंच वातावरण आहे, म्हणून मानवी असूनही हे एन्झाइम तिथे सुखाने राहतं. सॉनिकेटरने पेशी फोडली की ते संरक्षण बफरमध्ये विरून जातं आणि एन्झाइम पहिल्यांदा हवेच्या तावडीत सापडतं. साध्या सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) आठच्या वर असतो, तर या २१५ क्रमांकाच्या सिस्टीनचा साधारण ५.४ आहे. त्यामुळे पेशीच्या पीएचला तो गंधक कायम ऋणभारित, कायम हल्ल्याच्या तयारीत असतो. फॉस्फेटवर झडप घालण्याची त्याची ताकद आणि ऑक्सिजनच्या संयुगांना बळी पडण्याचा त्याचा स्वभाव, ही एकाच गुणाची दोन रूपं आहेत. हे लक्षात आलं आणि पुढची सगळी कामं मी या एका अणूकडे डोळे लावूनच केली.

पहिला पेच निकेलच्या कॉलमवर आला. सहा हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरते, म्हणून लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) निकेलच्या मण्यांवरून सोडायचं. पण सिस्टीन जपायला जे डीटीटी (गंधकाचं ऑक्सिडेशन उलटवणारं रसायन) घालावंसं वाटतं, तेच निकेलला क्षपित करतं. निळसर हिरवे मणी तपकिरी पडतात आणि कॉलम निकामी होतो. ईडीटीए घातलं तर निकेलच उपसून काढतं. त्यामुळे या टप्प्यापुरतं सौम्य मर्केप्टोइथेनॉल घालायचं, त्याचा घाण वास सहन करायचा आणि काम झपाट्याने उरकायचं. २० मिलिमोलर इमिडाझोलने धुवायचं, २५० मिलिमोलरने उतरवायचं. उतरणाऱ्या प्रत्येक अंशाचा एकेक थेंब मी प्रथिन ओळखणाऱ्या ब्रॅडफोर्डच्या द्रावात टाकून पाहत असे. तपकिरी द्राव पहिल्या थेंबांना तसाच राहतो, मग एका थेंबाला अचानक गडद निळा होतो. पुढचे काही थेंब निळे आणि मग पुन्हा तपकिरी. तो निळा दिसला की हात आपोआप भरभर चालतात. निळे अंश लगेच एकत्र करायचे, त्यात ईडीटीए आणि ताजं डीटीटी घालायचं आणि आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनच्या कॉलमवर चढवायचे. ईडीटीए इथे दोन कामं करतं. निकेलच्या कॉलममधून सुटून आलेला आणि बफरमधला धातूचा अंश ते धरून ठेवतं आणि त्यामुळे डीटीटीही जास्त टिकतं. तांबं-लोखंड नुसतं नावालाही असलं तरी थायोलचं (गंधक-हायड्रोजन गटाचं) ऑक्सिडेशन जोरात चालतं.

प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ३७ किलोडाल्टनला एकच जाड पट्टा दिसला. कुमासी रंगाने रंगवलेल्या, स्वच्छ पार्श्वभूमीच्या अशा जेलचा फोटो प्रयोगशाळेत सगळ्यांना आवडतो आणि बरेचदा शुद्धीकरणाची गोष्ट तिथेच संपते. मला इथे थोडं कडक बोलावंसं वाटतं. जेल फक्त प्रथिन किती आहे आणि सोबतीला दुसरं कोण आहे एवढंच सांगतं. ऑक्सिडेशनने मेलेलं आणि जिवंत एन्झाइम जेलवर एकाच जागी, एकाच रंगात दिसतात. जिवंतपणा कळायला काम करवून घ्यावं लागतं.

त्यासाठी पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट वापरतात, प्रयोगशाळेच्या बोलीत पीएनपीपी. ते रंगहीन असतं. त्याचं फॉस्फेट तुटलं की नायट्रोफिनॉल उरतं. पीटीपी-१बीला या सब्स्ट्रेटवर किंचित आम्लधर्मी बफर जास्त मानवतो आणि त्या पीएचला नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग पुरता उमटत नाही. म्हणजे अभिक्रिया चालू असताना प्लेट जवळजवळ फिकीच दिसते. ठरलेल्या वेळी प्रत्येक खळग्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की एन्झाइम तिथेच थांबतं आणि त्याच क्षणी खळगा पिवळाजर्द होतो. मल्टिचॅनल पिपेट एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर नेत जावं तसा पिवळा रंग पुढे सरकताना दिसतो. ४०५ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. १८,००० या मोलर शोषणांकाने किती फॉस्फेट सुटलं ते काढता येतं. मात्र प्लेटच्या खळग्यात प्रकाशाचा मार्ग एक सेंटिमीटरचा नसतो. त्यामुळे नायट्रोफिनॉलची स्वतःची मानक रेषा आखून घेणं जास्त विश्वासाचं. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. नॅनोमोलर पातळीवर पातळ केलेलं एन्झाइम प्लास्टिकलाच चिकटून नाहीसं होतं. बफरमध्ये थोडं बीएसए हे साधं प्रथिन घातलं की ते द्रावात राहतं.

पहिल्या प्लेटमध्ये मूळ एन्झाइमची रांग पिवळी आणि सेरीनवाल्या रूपाची रांग कोरी आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या कोऱ्या रांगेची किंमत फार मोठी आहे. ई. कोलायची स्वतःची फॉस्फटेझ असतात आणि त्यांतलं काही आपल्या मालात शिरलं तर पीएनपीपी तेही तोडतील. दोन्ही रूपं एकाच रीतीने शुद्ध केलेली असतील आणि मेलेल्या रूपात रंग येत नसेल, तरच तो पिवळा रंग आपल्या मानवी एन्झाइमचा म्हणता येतो. विकतच्या कुपीबरोबर हा पुरावा कुणी देत नाही.

मग मी त्याच मालाचे दोन वाटे केले. एक ताज्या डीटीटीसह लगेच मोजला, दुसरा शीतकक्षात तसाच ठेवून नंतर मोजला. दुसऱ्याची क्रियाशीलता उतरलेली होती. जेलवर मात्र दोघांत काडीचाही फरक नाही. दुसऱ्या वाट्यात ताजं डीटीटी घालून थोडा वेळ बर्फावर ठेवलं आणि पुन्हा मोजलं, तर बराचसा जोर परत आला. म्हणजे एन्झाइम मोडलेलं नव्हतं, त्याचा गंधक ऑक्सिजनने अडवलेला होता. आणि डीटीटी? ते स्वतःच खर्च होऊन गेलं होतं. २० अंशांना पीएच ६.५ असेल तर डीटीटीचं अर्धायुष्य सुमारे ४० तास असतं, पीएच ८.५ला ते दीड तासाच्याही आत येतं. थंडीत ते जास्त टिकतं खरं, पण ‘बफरमध्ये १ मिलिमोलर डीटीटी’ हे वाक्य बफर केला त्या वेळेपुरतंच खरं असतं. त्यामुळे आमच्याकडे डीटीटीशिवायचा बफर बाटलीत भरून ठेवतात आणि गोठवलेलं डीटीटी ज्या त्या वेळी त्यात घालतात.

जुन्या बफरवरून एक गोष्ट आठवते आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. टायरोसिनवर फॉस्फेट चढतं हे १९७९ साली टोनी हंटर यांच्या लक्षात आलं, ते अमिनो आम्लं विजेच्या ओढीने सरकवून वेगळी करायच्या, पुन्हापुन्हा वापरलेल्या बफरमुळे. त्याचा पीएच १.९ असायला हवा होता, तो उतरून १.७ झाला होता. त्या फरकामुळे फॉस्फोटायरोसिन (फॉस्फेट चढलेलं टायरोसिन) हे फॉस्फोथ्रिओनिनपासून वेगळं सरकलं आणि नवा ठिपका दिसला. बफर नेमका असता तर तो ठिपका लपूनच राहिला असता. या क्षेत्राची सुरुवात अशी झाली हे मला फार मोलाचं वाटतं. बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीत असलेलं यांच्यातला फरक इथे जन्मापासूनचा आहे.

गंधकाचं हे ऑक्सिडेशन माझ्या शुद्धीकरणातली कटकट होती, पण पेशीसाठी तो नियंत्रणाचा मार्ग आहे. इन्सुलिन रिसेप्टरला लागलं की पेशीत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते पीटीपी-१बीला काही काळ गप्प करतं, म्हणजे निरोप पुढे जायला वाव मिळतो. नंतर क्षपण होऊन एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. २००३ साली स्फटिकरचनेतून असं दिसलं की ऑक्सिडेशन झालेला गंधक शेजारच्या सेरीनच्या नायट्रोजनशी बंध जोडून वेगळ्याच कड्यात जातो. त्यामुळे पुढच्या, कधीच न उलटणाऱ्या ऑक्सिडेशनपासून तो वाचतो. दिवे मालवणारा म्हणून ज्याची बोळवण होत होती, त्या एन्झाइमला स्वतःचं बटण आहे.

हे आमच्याच मालावर पाहायचं ठरलं. डीटीटी असताना पेरॉक्साइड घातलं तर ते आधी डीटीटीच खाऊन टाकतं. म्हणून छोट्या गाळणी-कॉलमवरून डीटीटी काढून टाकायचं, ऑक्सिजन काढलेल्या बफरमध्ये एन्झाइम घ्यायचं, पेरॉक्साइड घालायचं आणि ठरलेल्या वेळी कॅटलेझ घालून उरलेलं पेरॉक्साइड संपवायचं. कॅटलेझ विसरून चालत नाही, नाहीतर मोजणी चालू असतानाही ऑक्सिडेशन सुरूच राहतं. माफक पेरॉक्साइडनंतर क्रियाशीलता खाली आली आणि डीटीटीने बरीचशी वर आली. जास्त पेरॉक्साइडनंतर मात्र डीटीटीचा उपयोग झाला नाही, कारण गंधकावर दोन-तीन ऑक्सिजन बसले की डीटीटी त्यांना उतरवू शकत नाही.

इन्हिबिटर (एन्झाइम अडवणारी संयुगं) तपासणाऱ्यांनी याच गोष्टीसाठी डोळ्यांत तेल घालून बघावं. काही संयुगं डीटीटीबरोबर फेरे घेत स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. खाचेत न बसताच ती एन्झाइम बंद पाडतात आणि प्लेटवर झकास इन्हिबिटर म्हणून मिरवतात. अभिक्रियेत कॅटलेझ घालून पुन्हा मोजावं. परिणाम नाहीसा झाला तर ते संयुग औषधाच्या यादीतून काढून टाकावं. आमच्या यादीतली काही आशादायक नावं अशीच गळाली आणि ते लवकर कळलं हे बरंच झालं.

शेवटचा भाग अॅलानिनवाल्या रूपाचा. ते सब्स्ट्रेट धरून बसतं, म्हणून पेशीतल्या हजारो प्रथिनांतून पीटीपी-१बीचं गिऱ्हाईक कोण हे शोधायला त्याचा गळ करता येतो. यासाठी निकेल नको होतं, म्हणून ग्लुटाथायोनला चिकटणारं जीएसटी हे प्रथिन जोडून ग्लुटाथायोनच्या मण्यांवर ते बसवलं. पेशींना ईजीएफ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन) दिलं, परव्हॅनाडेटने त्यांच्यातली फॉस्फटेझ थोपवून धरली आणि लायसेट करताना आयोडोअॅसिटिक आम्ल घातलं, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या फॉस्फटेझांचा गंधक कायमचा बंद होतो आणि फॉस्फेट टिकून राहतं. पण तेच आम्ल आपल्या गळाचा गंधकही मारेल. म्हणून गळ टाकण्याआधी भरपूर डीटीटी घालून ते संपवावं लागतं. आधी मुद्दाम मारायचा आणि मग वाचवायचा तोही गंधकच.

पडताळणीसाठी एका नळीत व्हॅनाडेट हवं होतं. ते खाचेत फॉस्फेटच्या जागी बसतं, त्यामुळे खरोखर खाचेत धरलेलं प्रथिन असेल तरच ते त्याने सुटतं. ऑर्थोव्हॅनाडेटचा द्राव पीएच १०ला आणला की पिवळा दिसतो; तो उकळायचा, रंग जातो; गार करून पीएच पुन्हा जुळवायचा, पिवळा परततो; पुन्हा उकळायचा. रंगहीन राहून पीएच स्थिर झाला की एकमेकांना चिकटलेले व्हॅनाडेट सुटे झाले असं समजायचं. मूळ एन्झाइमची नळी, गळाची नळी, गळ अधिक व्हॅनाडेटची नळी आणि नुसत्या जीएसटीची नळी अशा चार रांगा फॉस्फोटायरोसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने पाहिल्या. गळाच्या रांगेत १७० किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टा होता, ईजीएफ रिसेप्टर जिथे असायला हवा तिथेच. बाकी तिन्ही रांगा त्या जागी रिकाम्या होत्या. १९९७ साली फ्लिंट, टॉन्क्स आणि सहकाऱ्यांनी याच बदललेल्या रूपाने हाच रिसेप्टर पकडला होता, तेव्हा आमचा गळ नीट काम करतो हे पक्कं झालं. आता तोच गळ आम्ही दुसऱ्या पेशींच्या लायसेटमध्ये टाकतो आहोत आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या प्रत्येक छोट्या नळीवर प्रथिनाच्या मात्रेबरोबर क्रियाशीलता, ती मोजल्याची तारीख, सब्स्ट्रेट आणि पीएच लिहिलेला असतो.